तळघरातल्या टाळ्या

१२ एप्रिल १९९४, मंगळवार

कोणीतरी गेलं, असंच वाटलं मला! दुकानातून घरी येते तर आन्सरिंग मशीनचा लाल दिवा नुसता लुकलुकतोय. आमच्याकडे इतके फोन फक्त मयतीला येतात. कोटसुद्धा न काढता बटण दाबलं.

मयत नाही. टल्सा की कुठल्याशा गावाहून एक बाप्या — "मिस्टर हॉलस्ट्रॉम, तुमची कॅसेट पोचली. गाडीत लावली आणि गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली. चालवणंच जमेना." मग पोर्टलंडची एक मुलगी. ती धड बोललीच नाही, नुसती हसत होती. शेवटी म्हणाली, "दुसऱ्या गाण्यात आवाज वर चढतो ना, तिथे माझी आई स्वयंपाकघरातून विचारायला आली, कोण गातंय गं?" मग आणखी एक. मग आणखी!

माझ्या लेकाने, लेलंडने, त्याच्या गाण्यांच्या कॅसेटच्या वेष्टनावर आमच्या घरचा नंबर छापलाय. 'कसं वाटलं ते फोन करून सांगा.' मला न विचारता! माझ्या नवऱ्याला, हॅराल्डला, जाऊन सहा वर्षं झाली, डिरेक्टरीत अजून नाव त्याचंच आहे. बिचारा वर बसून म्हणत असेल, आर्डिस, घराची चावडी केलीस की.

१३ एप्रिल, बुधवार

लेलंड कामावरून आल्यावर त्याला निरोप ऐकवले. उभ्या उभ्या ऐकले, हाताला पांढरा रंग तसाच. (हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाइकांना रंग कालवून देतो तो.) सगळं ऐकून म्हणाला, "हं."

आमच्या घराण्यात 'हं' म्हणजे भाषणच म्हणायचं!

१५ एप्रिल, शुक्रवार

डॅग्नी ऑस्ट्रोम कॉफीला आली होती. तिला निरोप ऐकवले. तिने विचारलं, "पण वाजवतो काय हा नक्की?" तीस वर्षं शेजारी राहते, आणि हिला आता प्रश्न पडला.

मला कळलंय ते असं. याला पॉवर पॉप म्हणतात. गिटारी दणदणीत, चाल मात्र साखरेची, आणि तीन मिनिटांत गाणं खलास. ही शेवटची अट मला पसंत आहे. ढोल, गिटार, वरचा आवाज, खालचा आवाज — सगळं लेलंडच. आधी एक लेलंड गातो, मग त्याच्यावर दुसरा, मग तिसरा. तळघरात, माझं धुण्याचं मशीन आणि घर तापवायची भट्टी यांच्या मधल्या जागेत. मला वरून फक्त एकच ओळ ऐकू येते, तीच ती, जेवणाची वेळ टळेपर्यंत. वीस वर्षं मी एकेका ओळीवर बटाटे सोललेत! अख्खं गाणं म्हणून एकही ऐकलेलं नाही.

डॅग्नी म्हणाली, "आणि हे सगळं सोडून चाललाय?"

हो, चाललाय. ही शेवटची कॅसेट. माझ्या लेकीच्या, कारिनच्या नवऱ्याचा फिनिक्सला एअर कंडिशनरचा धंदा आहे, चार जुलै झाला की हा तिथे रुजू होणार. ते मोठं आठ ट्रॅकचं टेप मशीन विकायचंय. सदतिसाव्या वर्षी का होईना, मार्गाला लागतोय. मीच देवाकडे मागितलं होतं. इथे लिहायला काय जातंय?

१९ एप्रिल, मंगळवार

ओमाहाहून एक माणूस विचारतो — "शेवटचं गाणं संपतं, आणि मग तो एक लांब श्वास घेतल्यासारखा आवाज येतो. ते वाद्य कोणतं हो? आम्ही मित्र तीन दिवस भांडतोय. एक जण म्हणतो ऑर्गन."

ऑर्गन! अहो, ती आमची भट्टी! थंडीत सुरू होताना तशीच फुस्स करते. हॅराल्ड तिला शिव्या घालायचा. आणि ओमाहात चार शहाणे तिच्यावर भांडतायत. मी खाली जाऊन भट्टीकडे बघून आले. धूळ पुसली जरा.

२४ एप्रिल, रविवार

चर्चला गेले. निरोप नाहीत. करमेना.

२८ एप्रिल, गुरुवार

कान लाल झालेत माझे. क्लीव्हलंडहून चार पानी पत्रक निघतं, असल्या गाण्यांचंच. त्यात लेलंडच्या कॅसेटवर अर्धं पान आलंय. तो टेबलावर ठेवून कामावर गेला. मी वाचलं. आधी सगळं गोड. 'अशी चाल दहा वर्षांत एकदा सापडते.' 'तळघरात बसून या माणसाने आभाळ भरलंय.' आभाळ! मी तिथे उभ्या उभ्या दोनदा वाचलं. मग खाली —

'फक्त तिसऱ्या गाण्यात टाळ्या वाजवणाऱ्यांना ताल म्हणजे काय हे कोणीतरी सांगायला हवं होतं. टाळ्या जिन्यावरून गडगडत येतात. इतक्या सुरेख गाण्याचा विचका झालाय.'

त्या टाळ्या आमच्या! जानेवारीत चर्चचं काम उरकून मी, डॅग्नी आणि फर्न एकब्लाड घरी आलो, तेव्हा लेलंडने विचारलं, जरा खाली येता का, टाळ्या हव्यात. पुष्कळ हात हवे होते त्याला. आम्ही तिघी कोट घालूनच उभ्या राहिलो त्या धुण्याच्या खोलीत. फर्नला डाव्या कानाने ऐकू येत नाही. लेलंड मान हलवत होता, आम्ही वाजवत होतो. लाज वाटत होती. आमच्या चर्चमध्ये जन्मात कोणी टाळी वाजवली नाही. पोरांनी नाताळचं नाटक केलं तरी आम्ही मान डोलावतो. पाद्री चाळीस वर्षांनी निवृत्त झाले तेव्हा कॉफी दिली! झाल्यावर लेलंड म्हणाला, "छान. झालं काम." आणि सगळ्यांना गाडीने सोडून आला.

त्याचं शेवटचं गाणं-बजावणं. आणि आम्ही विचका केला.

२९ एप्रिल, शुक्रवार

जेवताना विचारलं. त्याने सांगितलं ते लिहून ठेवते. एक-दोन-तीन-चार मोजायचं. टाळी दोनवर आणि चारवर. जगभर तशीच पडते. आम्ही मारली एकवर आणि तीनवर.

"मग पुसून टाक की आमच्या!"

"जमत नाही आई. आठच ट्रॅक. जागा संपली की दोन-तीन आवाज एकत्र करून एकावर उतरवायचे आणि आधीचे पुसून तिथे नवे भरायचे. तुमच्या टाळ्या माझ्या आवाजांबरोबर उतरल्यात. पिठात अंडं फोडल्यावर परत काढता येतं का?"

"तेव्हाच का नाही बोललास?"

"बटाटे दे." असं म्हणाला.

३ मे, मंगळवार

डॅग्नीला सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. "म्हणजे पोराने आयुष्यभर घासघास घासलं, आणि आपण तिघींनी तीन मिनिटांत निकाल लावला!" फर्न म्हणाली, "मला वाटलं, तो एक म्हणतोय." तो काहीच म्हणत नव्हता गं बाई, मान हलवत होता!

निरोप येतातच आहेत. मी आता ऐकताना बसत नाही. टाळ्यांचं कोणी काढलं तर बंद करता यावं म्हणून बटणावर बोट ठेवून उभी राहते.

५ मे, गुरुवार

आणि काढतातच! एक जण — "तिसऱ्या गाण्यातल्या टाळ्या ऐकून मी खुर्चीवरून पडलो. अशी टाळी टाकायची हिंमत कोणात नाही!" दुसरा — "टाळ्यांसाठी मुद्दाम लहान मुलं आणली होती का?" लहान मुलं! फर्न ऐंशीची आहे.

काय समजायचं माणसाने? एकाला विचका, दुसऱ्याला हिंमत. टाळी तीच.

१० मे, मंगळवार

चर्चच्या तळघरात आम्ही तिघी सराव करतोय. म्हणजे पुन्हा कधी वेळ आली तर नाक कापलं जायला नको. डॅग्नीने रेडिओ आणला. दोनवर, चारवर. पंधरा मिनिटांत घाम फुटला! नवी पाद्रीबाई जिन्यात येऊन उभी राहिली, आमच्याकडे बघितलं, आणि परत वर गेली.

पुन्हा वेळ कसली येतेय म्हणा. मशीनची जाहिरात पुढच्या आठवड्यात पेपरात.

१७ मे, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

सहा वाजता, जेवायला बसणार तोच फोन. जपानहून! ओसाका. तिथे सकाळ झालेली. मिस्टर नाकाओका, त्यांचं गाण्यांच्या कॅसेटींचं दुकान आहे. मीच उचलला. इतकं जपून, एकेक शब्द धुऊन पुसून बोलत होते ते, की मी सरळ ताठ उभी राहिले. लेलंडला दिला आणि भांडी घासायला गेले. भांडी स्वच्छच होती.

लेलंडचं बोलणं तेवढं ऐकू येत होतं. "हो." "आभार." "हो, ती भट्टी." मग हसला! आणि म्हणाला — "दुकानात सगळे वाजवून बघतात? आणि जमत नाही? … नाही हो, मशीन नाही. माझी आई आहे ती. आणि तिच्या दोन मैत्रिणी." मी नळ बारीक केला.

"बरोबर टाळ्या होत्या माझ्याकडे. मी एकट्याने वाजवल्या होत्या आधी, चार-पाचदा एकावर एक. अगदी तालात. … त्या पुसल्या. मुद्दाम पुसल्या. … नाही, का ते सांगता येणार नाही मला. ऐकलंत ना तुम्ही? तेच."

मुद्दाम! जमत नाही म्हणून नव्हे. जाणूनबुजून!

फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला, "मांस गार झालं." मी म्हटलं, "गरम करते." एवढंच बोललो आम्ही. ओसाकाच्या परक्या माणसाला सांगितलं ते मला सांगता आलं नाही त्याला. आणि मलाही विचारता आलं नाही. दोघांच्या तोंडाला कुलूप, आणि किल्ली म्हणे जपानात!

१८ मे, बुधवार

सरावाला गेले नाही. डॅग्नीला सांगितलं, विसर ते दोन आणि चार.

२१ मे, शनिवार

डुलुथची एक नर्स. हिचा निरोप मी चार वेळा ऐकला, म्हणून बराचसा पाठ आहे.

"मिस्टर हॉलस्ट्रॉम, रात्रपाळी संपवून घरी जाताना ऐकते मी. ते तिसरं गाणं. त्या टाळ्या नाचणाऱ्यांच्या नाहीत. ही माणसं दारात उभी आहेत असं वाटतं. कोट घालून. निघतो आता, निघतो आता, म्हणतायत, आणि पाय काही निघत नाही. माझ्या आजीकडे अस्सं व्हायचं. तासभर! सगळे लाजरे. जवळ घ्यायचं कोणी नाही. नुसतं दारात उभं राहायचं. तुम्ही ती माणसं कुठून आणलीत?"

आम्ही कोट घातले होते! कॅसेटवर कुठे लिहिलंय ते? टाळीत कोट ऐकू येतो? चारशे मैलांवर बसून या बाईला आमचे कोट दिसले, आणि मी त्याच खोलीत उभी होते!

खाली जाऊन वेष्टन वाचलं, आज पहिल्यांदा. कॅसेटचं नाव 'साइड डोअरने यावे'. पुढच्या दारावरची हॅराल्डची पाटीच ती, त्याने स्वतः रंगवलेली. तिसऱ्या गाण्याचं नाव 'निघतोच आम्ही'.

२३ मे, सोमवार

आज धीर केला. म्हटलं, "एवढी माणसं फोन करतात लेलंड. जपानहून करतात! तरी जायचंच?"

रंगाचे हात घासत होता. वर न बघता म्हणाला, "ते सगळे लांबचे, आई."

रागाने नाही. सहज. जाहिरातीला एकाचा फोन आलाय, शनिवारी मशीन बघायला येतोय, पसंत पडलं तर तेव्हाच घेऊन जाईल.

मी लांबची नाही ना. बारा पायऱ्या वर राहते. टल्साने सांगितलं, ओमाहाने सांगितलं, कसं वाटलं ते. माझ्याकडून काय गेलं खाली? जेवायला ये. मोजे वाळलेत.

२६ मे, गुरुवार

कॅसेट पर्समध्ये घालून डॅग्नीकडे गेले. तिच्या ब्यूइकमध्ये टेप आहे. चर्चच्या आवारात गाडी लावली आणि दोघी बसलो, पर्स मांडीवर घेऊन, फ्यूनरलला बसतात तशा.

पहिलं गाणं सुरू झालं. देवा रे!

हे माझ्या धुण्याच्या खोलीत झालं? मला एक-एक ओळ माहीत होती, तुटकी, वाकडी, चाळीसदा म्हटलेली. ती इथे आपापल्या जागी येऊन उभी राहत होती. एक लेलंड गायला लागतो, दुसरा त्याचा हात धरतो, तिसरा त्या दोघांच्या वरून जातो, आणि काच थरथरायला लागते! ही ओळ मी रूबार्ब चिरताना ऐकली होती. ही हॅराल्ड हॉस्पिटलात होता तेव्हा. मला वाटायचं, बाप मरायला टेकलाय आणि हा खाली खेळत बसलाय. तो खेळत नव्हता. ते गाणं हॅराल्डवरच आहे! बूट दारात काढणाऱ्या माणसावर, जो आता आवाज न करता येतो-जातो. रडले मी. डॅग्नीही रडली, मग म्हणाली, "खिडकी उघड, धुकं धरलंय."

मग तिसरं. आमच्या टाळ्या. चुकतातच हो! एकवर, तीनवर, फर्न तर तिसरीकडेच. पण गाणं आमच्यासाठी थांबतं. खरंच सांगते, थांबतं. आम्ही पोचेपर्यंत दार धरून उभं राहतं, आणि मग सगळे मिळून आत जातात.

शेवटी भट्टीने श्वास सोडला. मग डॅग्नी म्हणाली, "पोराला सांग की."

"काय सांगू? तोंडावर?"

"तोंडावर कशाला? फोनवर सांग. नंबर छापलाय ना त्याने."

२६ मे, थोड्या वेळाने

डॅग्नीच्या स्वयंपाकघरातून माझ्याच घरी फोन केला. घरी कोणी नाही हे माहीत होतं, तरी आधी केस सारखे केले! बीप वाजला.

म्हटलं — "नमस्कार. मी आर्डिस हॉलस्ट्रॉम बोलतेय, रॉकफर्डहून. वरच्या मजल्यावरून. तुमची कॅसेट आज पहिल्यांदा पूर्ण ऐकली." माझ्या मुलाला 'तुमची' म्हटलं! पण तसं म्हटल्यावर पुढचं येत गेलं. म्हटलं, दुसरं गाणं हॅराल्डला आवडलं असतं, त्याने 'हं' म्हटलं असतं. म्हटलं, टाळ्या चुकल्यात, आणि तुम्ही त्या ठेवल्यात, हे मला कळलंय. म्हटलं, मला तुमचा —

बीप! कापला मेल्याने. डॅग्नीने पुन्हा नंबर फिरवून दिला.

"मी पुन्हा आर्डिस. मला तुमचा अभिमान वाटतो असं म्हणत होते. फिनिक्सला गेलात तरी वाटेल. पण घर फार गप्प होईल. बस, एवढंच. मीटलोफ ओव्हनमध्ये ठेवलाय."

आणि मग काय सुचलं कोण जाणे, रिसीव्हर खांद्यात धरून टाळ्या वाजवल्या. डॅग्नीपण आली. बीप होईपर्यंत वाजवल्या.

२७ मे, शुक्रवार

काल तो माझ्या आधी घरी पोचला होता. दिवा लुकलुकत नव्हता. जेवताना काही बोलला नाही. मीटलोफ दोनदा घेतला. मी पण काही विचारलं नाही. आज सकाळी लवकर बाहेर पडला. उद्या तो मशीनवाला येणार.

२८ मे, शनिवार

मशीनवाला आला नाही. लेलंडने कालच त्याला फोन करून सांगितलंय, विकायचं नाही.

फोनच्या मशीनमधली कॅसेट गायब, जागी कोरी घातलीय. खाली सकाळपासून काम चाललंय, आणि मी बटाटे सोलतेय. तीच ती ओळ येतेय वर, माझ्याच आवाजात, पुन्हा पुन्हा — "मी आर्डिस हॉलस्ट्रॉम बोलतेय, रॉकफर्डहून. वरच्या मजल्यावरून" — आणि मग टाळ्या. एकवर. तीनवर.